माहुल ते कार्ब्युरेटर, मार्गे खंबाटकी

प्रवासवर्णनाचा नायक दर वेळी लेखकच का असावा? आपण पुण्याहून साताऱ्याला जातो, वाटेत मिसळ खातो आणि परतल्यावर दहा पानं लिहितो. आपल्या गुडघ्यांमधल्या टाकीत हिंदकळणारं पेट्रोल याच्या कैक पट हिंडलेलं असतं. पण ते बापडं चकार शब्द काढत नाही.

त्याचा मार्ग बघा. कच्चं तेल असताना ते आखातातून जहाजाने येतं, नाहीतर मुंबई हायच्या समुद्रतळाखालून उरणमार्गे. चेंबूरजवळ माहुलच्या रिफायनऱ्यांत त्याचं पेट्रोल होतं. पुण्याकडचं बरंचसं तिथून बंद नळातून सह्याद्री ओलांडून लोणी काळभोरला उतरतं. वाटेत टोल नाही, बोरघाटातली कोंडी नाही, लोणावळ्याला चिक्कीसाठी हट्ट नाही. पुढे त्याला इथेनॉल नावाचा सोबती मिळतो, हल्ली शंभरात वीस या हिशेबाने. हा सोबती मूळचा बहुधा साखर कारखान्याकडचा. त्याला पाण्याची भारी ओढ, आणि टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं निवांत बसलेल्या गाळाला उठवून बरोबर घेण्याची खोड.

एवढं सगळं बिनबोभाट पार पडल्यावर उरतो टाकी ते कार्ब्युरेटर हा शेवटचा टप्पा. अंतर फूटभर. माझं पेट्रोल तिथे अडलं.

शिरवळपर्यंत गाडी गुणी होती. खंबाटकीचा चढ लागला, मूठ पिळली, तशी ती गचके द्यायला लागली, पिकअप सोडला आणि बंद पडली. घाटात बंद गाडीशेजारी उभ्या असलेल्या माणसाला सल्ल्याची ददात पडत नाही. एका ट्रकवाल्याने न उतरताच सांगितलं, “चोक ओढा.” ओढला. थोड्या वेळाने गाडी सुरू झाली. पुढच्या वळणावर पुन्हा बंद. तिथे एका जोडप्यातल्या काकांनी गाडी दोन्ही बाजूंना गदागदा हलवली. थोड्या वेळाने सुरू. त्यापुढच्या वळणावर कलिंगडं घेऊन चाललेल्या टेम्पोवाल्याने टाकीचं झाकण उघडायला लावलं. “हवा धरलीय तिने.” पुन्हा सुरू. प्रत्येक वैद्याला गुण आला, कारण प्रत्येकाच्या उपचाराला चार-पाच मिनिटं लागत होती. चढावर इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं. कार्ब्युरेटरच्या वाटीत ते फिल्टरमधून जेमतेम ठिबकत होतं. वाटी रिकामी झाली की गाडी बंद, उभ्या उभ्या भरली की सुरू. टेम्पोवाल्याचं शास्त्र मात्र पक्कं होतं. झाकणाचं बारीक भोक बुजलं तरी गाडी अशीच रुसते. पण मग झाकण उघडून मिटल्यावर ती निदान सुरूरपर्यंत तरी गेली असती.

फिल्टर बदलण्याचा कार्यक्रम घरी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवला. नवा फिल्टर अंगठ्याएवढा, पारदर्शक प्लॅस्टिकचा, पोटात घडीघडीचा कागद. किंमत दोन वडापाव आणि चहा. पार्किंगमध्ये स्टूल मांडून बसलं की प्रेक्षक आपोआप जमतात. पहिल्या मजल्यावरचे काका खुर्ची घेऊनच आले. वॉचमन विडी ओढत आला, त्याला त्याच पावली गेटावर धाडला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत सरपटत जाते आणि उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेटायला तयार असते.

गाडी गार होती. कॉक ऑफ केला. नळीतलं उरलेलं पेट्रोल धरायला भांडं हवं होतं. समोरच्या काकूंनी तत्परतेने थर्माकोलचा द्रोण दिला. २०१८च्या बंदीतून वाचलेला तो द्रोण पेट्रोलने मिनिटभरात विरघळवला. सरकारला जमलं नव्हतं ते झालं. मग घरातून स्टीलची वाटी आली, “ही आता वर आणायची नाही” या निरोपासकट.

क्लिपा पकडीने दाबून मागे सरकवल्या. नळी मात्र सुटेना. अशी नळी ओढायची नसते, पिळायची असते. ओढली तर कॉकची तोटी हातात येते. वाळून कडक झालेली ती नळी मी कापूनच काढली आणि नवी लावली. नव्या फिल्टरवर बाण असतो, त्याचं टोक कार्ब्युरेटरकडे हवं. या बाणावर पार्किंगमध्ये चर्चासत्र झालं. पेट्रोल कुठून कुठे जातं याबद्दल उपस्थितांत एकमत नव्हतं. शेवटी “वरून खाली” एवढ्या मुद्द्यावर तडजोड झाली.

जुना फिल्टर वर्तमानपत्रावर उलटा झटकला. गंजाची पूड, टाकीच्या रंगाचे पापुद्रे, पाण्याचे दोन थेंब. सह्याद्री ओलांडून आलेल्या प्रवाशाला वाटेत कुणी लुटलं नव्हतं. लुटारू माझ्याच टाकीत बसले होते.

कॉक ऑन केला. फिल्टर अर्धा भरला आणि वर एक बुडबुडा राहिला. “हवा राहिली,” काका म्हणाले. “राहते,” मी म्हणालो. “काढायला हवी,” काका. तो बुडबुडा बहुतेक गाड्यांत असतो, त्याने काही अडत नाही, हे सांगण्यात फिल्टर बदलण्यापेक्षा जास्त वेळ गेला. मग सांधे ठिबकत नाहीत ना ते पाहिलं, सांडलेलं पुसून वाळू दिलं आणि किक मारली. गाडी सुरू झाली. मूठ पिळली, तरी गचका नाही. प्रेक्षकांत पांगापांग झाली. चालू गाडी बघायला कोण थांबतं?

काका तेवढे रेंगाळले. वर्तमानपत्रावरचा जुना फिल्टर उचलून त्यांनी उजेडात धरला, फुंकर मारली आणि विचारलं, “हा टाकणार असाल तर नेऊ का? कधीतरी उपयोगी पडतो.” मी होकार दिला. काकांकडे दुचाकी नाही. त्यांना ती चालवताही येत नाही.