बाँडवर लिहून घ्या

आपल्याकडे देव न मानणारे पुष्कळ भेटतात, बाँड न मानणारा अजून भेटायचाय. मेहुण्याला उसने दिले? बाँडवर लिहून घ्या. भाडेकरू रात्री उशिरापर्यंत गाणी लावतो? बाँडवर लिहून घ्या. तहसील कचेरीबाहेर ताडपत्रीखाली बसलेल्या टायपिस्टकडे ‘सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की’ एवढा मजकूर तयारच असतो. त्यापुढे आपलं नाव घालायचं, शेजारच्या टेबलावर नोटरीचा लाल गोल शिक्का मारून घ्यायचा आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरच्या लोखंडी कपाटात, दागिन्यांच्या खणात ठेवायचा. आत काय लिहिलंय ते कोणी वाचत नाही. शिक्का नीट उठलाय ना? मग झालं तर.

ही भक्ती पुरती ओळखली ती बनावट मुद्रांकवाल्या तेलगीने. इतर ठग नोटा छापत बसले, याने मुद्रांक छापले. नोट माणूस निदान उजेडात धरून तरी बघतो. मुद्रांकाला नुसता हात जोडतो.

सरकारही काही खुळं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याने शंभर आणि दोनशेची कामं पाचशेवर नेली. गंमत अशी, की सरकारी कचेऱ्यांत आणि कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांवरचं मुद्रांक शुल्क याच राज्याने २००४ सालीच माफ केलेलं आहे. तरीही जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी लोक बाँडच्या रांगेत उभे राहतात. माफीचा आदेश साध्या कागदावर निघाला, त्यावर विश्वास कसा बसणार?

माझं भांडण बाँडशी नाही. कायदा जिथे शिक्का मागत नाही तिथे आपण तीन-तीन मारतो, आणि जिथे काही मागतो तिथे ‘घरचीच माणसं आहेत’ म्हणून मोकळे होतो, हे मात्र डोक्यात जातं.

जमिनीचंच घ्या. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा. त्यात लिहिलंय, की शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मालमत्ता विकायची तर नोंदणीकृत दस्त हवा. तेव्हा शंभरात काय काय येत असेल ते असो, पण आपल्या शहरांच्या कडेकडेने वर्षानुवर्षं लाखांचे गुंठे विकले गेले ते त्याच शंभराच्या बाँडवर, नोटरी करून. कारण विचारलं की उत्तर तयार: ‘तुकडेबंदीमुळे रजिस्ट्री होत नव्हती, म्हणून नोटरी केली.’ म्हणजे डॉक्टर ऑपरेशनला नाही म्हणाले, म्हणून कंपाउंडरकडून करून घेतलं. वर पुन्हा ‘सातबाऱ्यावर नाव लागलंय’ ही फुशारकी. सातबारा हा महसुलाचा उतारा आहे. फेरफाराने कोणी मालक होत नाही. कुलमुखत्यारपत्र आणि साठेखत यांच्या जोडीने मालकी हातात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्पच्या खटल्यात स्वच्छ सांगून ठेवलंय. गुंठेवाल्या एजंटापर्यंत ते अजून पोचायचंय.

फ्लॅट घेणारे स्वतःला यापेक्षा शहाणे समजतात. बिल्डर म्हणतो, ‘आधी वीस टक्के भरा, अ‍ॅग्रीमेंट सावकाश करू,’ आणि हे भरतात. रेरा कायद्याने करारनामा नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांवर एक रुपया घ्यायला बिल्डरला बंदी आहे. पण सँपल फ्लॅटमधला सोफा बघितल्यावर कायदा कोणाला आठवतो?

आणि ते अकरा महिने! अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरमालकाला पाळण्यातच शिकवलेलं असतं. प्रत्यक्षात भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ म्हणतं: लिव्ह अँड लायसन्सचा करार एका महिन्याचा असला तरी नोंदवायचा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरायचं. खोडून काढायचं ओझं मालकावर.

आता मृत्युपत्र. इथे तर सगळंच उफराटं. आयुष्यभर बाँड-बाँड करणारा गृहस्थ या एका कागदाचं नाव काढलं की ‘शुभ बोल रे नाऱ्या’ म्हणतो. फारच आग्रह झाला तर मोठा बाँड आणतो, नोटरी करतो, आणि साक्षीदार? ‘नोटरीची सही आहे की!’ वास्तविक मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. कोरा कागद चालतो, हस्ताक्षर चालतं. नोंदणी ऐच्छिक आहे. केलेली बरी, पण सक्ती नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५, एकच गोष्ट हट्टाने मागतो: किमान दोन साक्षीदार, ज्यांनी तुम्हाला सही करताना पाहिलंय किंवा ती सही आपलीच असल्याचं तुमच्या तोंडून ऐकलंय, आणि ज्यांनी तुमच्यासमोर सह्या केल्यात. आपल्याकडे होतं असं, की दुसऱ्या दिवशी मुलगा जिन्यात शेजाऱ्याला गाठतो. ‘काका, इथे जरा सही करा. बाबांचं काहीतरी आहे.’ काका चष्मा नसल्याने न वाचताच सही ठोकतात. दहा वर्षांनी कोर्टात त्यांना विचारतात, ‘सही करताना तुम्ही त्यांना पाहिलंत?’ तेव्हा काकांना फक्त जिना आठवतो.

तेही काका हयात असले तर. साक्षीदार म्हणून आपण हटकून आपल्याहून थोर माणूस निवडतो, कारण मान द्यायचा असतो. मृत्युपत्र शाबीत करताना हयात साक्षीदारांपैकी निदान एकाला कोर्टात उभं करावं लागतं. तेव्हा थोर माणसाच्या पाया पडा आणि सही तरुणाची घ्या. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. त्याची पत्रास समोरचा वकील ठेवत नाही.

मृत्युपत्र कशाला, नॉमिनी लावलाय की, असं म्हणणारा दुसरा पंथ आहे. हा मोठा पंथ आहे. बँकेत नॉमिनी, शेअर्सना नॉमिनी, सोसायटीच्या फॉर्मवर नॉमिनी, आता सगळं थोरल्याचं! नॉमिनी हा सांभाळकर्ता, मालक वारस, हे सर्वोच्च न्यायालय विम्याच्या बाबतीत १९८३ पासून सांगत आलंय. (पुढे २०१५ मध्ये विम्यापुरता कायदा बदलला: आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच.) शेअर्सचा प्रश्न सुटला डिसेंबर २०२३ मध्ये, आणि तो खटला होता ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेचा. त्यांनी मृत्युपत्र केलेलं होतं, हे विशेष. काही शेअर्स आणि म्युच्युअल फंडांना नॉमिनी वेगळे होते. न्यायालय म्हणालं, नॉमिनी लावल्याने वारसाहक्क फिरत नाही. मराठी घराघरांत ज्यांचा कागद भिंतीवर लटकतो, त्यांच्या घरचं प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं. आपण तर सोसायटीच्या सेक्रेटरीवर विसंबलेले. सोसायटीतही नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासदच असतो, हे सहकार कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलंय.

काहीच केलं नाही तर? हिंदू पुरुष मृत्युपत्राविना गेला तर त्याची स्वकष्टाची मिळकत आई, बायको, मुलगे, मुली यांच्यात सारख्या हिश्श्याने जाते. वडील त्या पहिल्या रांगेत नाहीत, आई आहे. ‘माझ्यामागे फ्लॅट हिचाच’ असं म्हणत गेलेल्या गृहस्थाची आई आणि दोन मुलं असतील, तर ‘हिचा’ चौथा हिस्सा. मुलं अज्ञान असतील तर त्यांचा वाटा विकायला तिला कोर्टाची परवानगी काढावी लागते. एवढा सगळा खेळ वहीतलं एक पान वाचवण्यासाठी.

उरला अपघात. तिथे आपला आवडता शब्द ‘मिटवून टाका’. स्कूटरवाल्याला कारने उडवलं, लोक जमले, एकाने कारवाल्याचा खिसा चाचपला, पाच हजार काढले, आणि ‘आमची कोणाविरुद्ध काही तक्रार नाही’ असं स्कूटरवाल्याकडून लिहून घेतलं. तेवढं बरोबर सुचतं. आठवड्याने एक्स-रेत मांडीचं हाड मोडलेलं दिसतं, तेव्हा ना एफआयआर असतो, ना पंचनामा, ना दवाखान्यात एमएलसीची (मेडिको-लीगल केसची) नोंद. दावा कशावर उभा करणार? खरं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण सामान्य माणसाला बरंच सोयीचं आहे. अपघात कणकवलीला झाला तरी डोंबिवलीकराला आपल्या राहत्या जिल्ह्यात अर्ज करता येतो. पैसे बहुतेक वेळा समोरच्याची विमा कंपनी देते. थोडी चूक आपलीही असली तर भरपाई त्या प्रमाणात कापली जाते, बुडत नाही. आणि घरी ‘काही न करणारी’ आई अपघातात गेली तर तिच्या कामाचीही किंमत धरावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने बजावून ठेवलंय.

खड्ड्यात पडलात तरी हात चोळत बसू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला सहा लाख आणि जखमीला पन्नास हजार ते अडीच लाख द्यायला सांगितलंय. फक्त खड्ड्याचा फोटो काढा, तो बुजायच्या आत. (बुजण्याची भीती आपल्याकडे तशी कमीच.)

गाडीच्या अपघातात मात्र घड्याळ बघा. २०१९ च्या दुरुस्तीने, १ एप्रिल २०२२ पासून, न्यायाधिकरणात अर्ज करायला सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलंय, पण आपला मोडका पाय त्या निकालावर टांगून ठेवू नका. मुदत अपघाताच्या तारखेपासून मोजतात, प्लास्टर निघाल्यापासून नाही.