विटांची भिंत आणि सात प्रश्न

ब्रिटनमध्ये ए-लेव्हलच्या मीडिया स्टडीजला ओसीआर परीक्षा मंडळाचं एक काम बरीच वर्षं होतं. विद्यार्थ्याने नवं संगीत-मासिक काढायचं. अख्खं नव्हे, मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि आतलं एक जोडपान एवढंच. मजकूर नि छायाचित्रं मात्र सगळी स्वतःची हवीत. आता सोळा-सतराव्या वर्षी रॉकस्टार कुठून पैदा करायचा? मग वर्गातलाच एखादा मित्र काळं जाकीट घालतो, कुणाच्या तरी भावाची गिटार गळ्यात अडकवतो आणि विटांच्या भिंतीला टेकून जगावर रुसल्यासारखा बघतो.

इथवर ठीक. खरी कसरत पुढे. 100 पैकी 20 गुण मूल्यमापनाचे आणि त्यासाठी प्रश्न सात. पहिलाच विचारतो: खऱ्या मासिकांचे संकेत तुम्ही कुठे वापरले, कुठे पुढे नेले, कुठे मोडले?

मित्राच्या डोक्यामागे मासिकाच्या नावातली दोन अक्षरं गडप झालेली असतात. विद्यार्थी लिहितो, ‘एनएमई’ही असंच करतं. करायचं खरं, पण ‘एनएमई’ हे संगीत-साप्ताहिक 1952 पासून निघत होतं, अर्धं अक्षर दिसलं तरी गिऱ्हाईक ओळखायचं. बारशाच्या दिवशीच नाव झाकून ठेवणाऱ्याला काय म्हणावं?

नाव कुठे छापायचं, याचाही संकेत असतो. ‘क्यू’ या 1986 साली निघालेल्या संगीत-मासिकाचं नाव आधी ‘क्यू’च, पण स्पेलिंग स्नूकरच्या काठीचं ठरलं होतं. लोक ते स्नूकरचं समजतील म्हणून एकच अक्षर ठेवलं. लाल चौकोनात पांढरं, वर डावीकडे. स्टॉलवर मासिकं एकावर एक सरकवून ठेवली की डावी पट्टीच उघडी राहते, त्यामुळे ती जागा मोलाची. आमच्या विद्यार्थ्याच्या मासिकाचं नाव उजवीकडे, कारण डावीकडे गिटार आली. मूल्यमापनात त्याचं झालं ‘संकेताला जाणीवपूर्वक दिलेलं आव्हान’. लाल रंग बंडखोरीचा, पाच प्रकारचे टाइप म्हणजे तरुणाईचं वैविध्य, आडवा चिकटवलेला बारकोड म्हणजे वास्तवाचा स्पर्श. असा वकील मोठमोठ्या संपादकांनाही मिळत नाही.

आणखी एक प्रश्न: तुमच्या मासिकाचं वितरण कोण करील? उत्तर बहुधा बाउअर हे प्रकाशक, कारण ‘क्यू’ त्यांचंच होतं. ते त्यांनी 2020 मध्ये बंद केलं.

सातवा प्रश्न सगळ्यात दयाळू: सरावासाठी केलेल्या शाळेच्या मासिकाच्या मुखपृष्ठापासून इथवर काय शिकलात? सरावाचं जितकं भिकार, तितकी प्रगती मोठी. चाणाक्ष मुलं ते मुखपृष्ठ नंतर सुधारण्याच्या भानगडीत पडत नाहीत.