नकाशाची दांडी

गुन्हा कुठे घडणार, हे आता संगणक आधीच सांगणार म्हणे! जुन्या गुन्ह्यांचे ठिपके नकाशावर मांडायचे, दाटी होईल तिथे लाल रंग भरायचा आणि गस्तीची गाडी तिकडे धाडायची. शास्त्र चोख आहे. त्याने फक्त उल्हासनगरचा पत्ता अजून वाचलेला नाही.

आमचा पत्ता : कॅम्प नंबर चार, पिठाच्या गिरणीमागे, पुढे कुणालाही विचारा. फाळणीनंतर लष्करी छावणीत निर्वासित आले, 1949 मध्ये गावाचं बारसं झालं. पत्त्यातली छावणी काही उठली नाही. ‘कुणालाही विचारा’चे अक्षांश-रेखांश न सापडलेला संगणक ठिपका नेऊन ठेवतो थेट पोलीस ठाण्यावर. असे ठिपके साचले की शहरातली सर्वांत धोकादायक जागा ठरते पोलीस ठाणं!

हसू नका. 2 फेब्रुवारी 2024 च्या रात्री उल्हासनगरच्याच हिललाईन पोलीस ठाण्यात, तेही वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, भाजपचे तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांनी शिंदेसेनेच्या महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या. कॅमेरा पाहून गुन्हेगार बिचकतो म्हणतात. इथे कॅमेऱ्याने सगळं टिपलं. बिचकलं कुणीच नाही. चुकून का होईना, संगणक बरोबर ठरला.

उलट, हिरवा रंग मिळवणं फार सोपं. माझा मोबाइल अंबरनाथच्या बाजारात कुणीतरी मारला, तेव्हा एका ठाण्यातल्या हवालदारांनी कागद पुढे सरकवत मायेने समजावलं, “साहेब, चोरी कशाला लिहिता? गहाळ लिहा. दाखला आत्ता देतो.” मी गहाळ लिहिलं. बाजार हिरवा झाला.

कारण ठिपका घडलेल्या गुन्ह्याचा नसतो, नोंदलेल्या गुन्ह्याचा असतो. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरच्या अत्याचाराची तक्रार घेऊन पालक ठाण्यात गेले. गुन्हा नोंदवायला जवळपास 12 तास लागले. तेवढे तास नकाशावर बदलापूर कसं शांत, सुरक्षित! शाळेत कॅमेरे होते. पण 15 दिवसांचं चित्रीकरण गायब असल्याचं तेव्हाचे शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनीच सांगितलं. अखेर 20 ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, तासन्‌तास लोकल अडल्या, तेव्हा मंत्रालयाला बदलापूर उपग्रहाविना सापडलं.

लंडनमध्ये 1854 साली पटकीची साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी मेलेल्यांच्या पत्त्यांवरून ब्रॉड स्ट्रीटचा पाण्याचा पंप हुडकला आणि त्याची दांडी काढायला लावली. ठिपक्यांचा तो जगप्रसिद्ध नकाशा त्यांनी नंतर मांडला. म्हणजे आधी दांडी, मग नकाशा.

आमच्याकडे नकाशा आधी, तोही रंगीत. आणि दांडी काढायची वेळ आली की सगळे दांडी मारतात.