तारे दाखवता, तक्रारीही दाखवा

मारुतीच्या नव्या डिझायरची लांबी ३९९५ मिलिमीटर. चार मीटरला पाच मिलिमीटर कमी. हा योगायोग नाही. २००८ साली बाजारात आली तेव्हा ही गाडी चार मीटरहून लांब होती. २०१२ मध्ये तिची मागची बाजू आखूड करून तिला चार मीटरच्या आत बसवलं, कारण २००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आतल्या छोट्या गाडीवर कर कमी आहे. आजही तसंच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के जीएसटी लागतो, तिच्याहून मोठ्या गाडीवर ४० टक्के.

चार मीटरची सक्ती कोणीही केली नव्हती. करात सवलत ठेवली आणि झाडून सगळ्या कंपन्यांनी आपापल्या गाड्या कापल्या, बसवल्या, विकल्या. सरकारने मनावर घेतलं तर कंपन्या पाच-पाच मिलिमीटरचा हिशेब करतात. मग हीच गाडी धडकल्यावर आतली माणसं वाचतील का, याचा निकाल लोकांपुढे ठेवायचा की नाही, हे मात्र कंपनीच्या मर्जीवर का सोडलं आहे?

'भारत एनकॅप'बद्दल बोलतोय. १ ऑक्टोबर २०२३ पासून ही चाचणी आपल्याकडे सुरू झाली. पुण्याची सीआयआरटी ही संस्था तिचं काम पाहते. गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने, ड्रायव्हरच्या बाजूचा ४० टक्के भाग सापडेल अशी समोर आदळवतात. बाजूने ताशी ५० ने धडक देतात. वरच्या श्रेणीसाठी बाजूने खांबावरही आपटतात. मोठ्यांच्या सुरक्षेला ३२ पैकी आणि मुलांच्या सुरक्षेला ४९ पैकी गुण मिळतात. पाच स्टार हवे असतील तर २७ आणि ४१ गाठावे लागतात. चाचणी चांगली आहे. ती देशात झाली, हे फारच चांगलं झालं. पण ती ऐच्छिक आहे. कायद्याने बंधनकारक असलेली धडकेची चाचणी वेगळी, ती ताशी ५६ च्या वेगाची, आणि तिच्यात फक्त पास किंवा नापास. काठावर पास झालेली गाडी आणि पैकीच्या पैकी मिळवणारी गाडी शोरूममध्ये शेजारी शेजारी उभ्या असतात. गिऱ्हाइकाला फरक कळायचा कसा? ज्याला पाच स्टारची खात्री आहे तो गाडी पाठवणार आणि जाहिरात करणार. ज्याला दोनची भीती आहे तो गप्प बसणार.

हे बदलायचं तर नवीन काही शोधायला नको. चार मीटर आणि १२०० सीसी या दोन अटींच्या शेजारी तिसरी अट लिहा: किमान तीन स्टार. एका वर्षात सगळ्या छोट्या गाड्या रांगेत उभ्या राहतील.

रेटिंगमुळे काही होत नाही असं म्हणणाऱ्यांना इतिहास सांगायला हवा. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या आंतरराष्ट्रीय संस्थेने पहिल्यांदा भारतातल्या पाच छोट्या गाड्या आदळवल्या. अल्टो ८००, नॅनो, फिगो, आय टेन आणि पोलो. पाचही गाड्या एअरबॅग नसलेल्या, आणि पाचही शून्यावर. पोलो विकणाऱ्या कंपनीने त्यानंतर बिनएअरबॅगची पोलो विकणंच बंद केलं. दोन एअरबॅगच्या पोलोला चार स्टार मिळाले. डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉन मोठ्यांच्या सुरक्षेत पाच स्टार मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली. डिसेंबर २०२२ मध्ये स्विफ्टला एक स्टार मिळाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिच्याच घराण्यातली नवी डिझायर बाजारात येताना मोठ्यांच्या सुरक्षेत पाच स्टार घेऊन आली. दहा वर्षांपूर्वी 'ॲव्हरेज किती देते?' याच्यापुढे न जाणारा गिऱ्हाईक आज सेल्समनला 'स्टार किती?' विचारतो. हे मोठं यश आहे. निकाल उघड झाला, लोकांनी तो वाचला आणि कंपन्यांना गाडी सुधारावी लागली.

पण स्टार वाचताना चार गोष्टी लक्षात ठेवा, कारण शोरूममध्ये त्या कोणी सांगत नाही.

ते स्टार त्या पिढीच्या गाडीचे असतात, नावाचे नसतात. २०२४ च्या आधीची डिझायर ज्याच्या दारात उभी आहे, किंवा जो रोज टॅक्सीतल्या जुन्या डिझायरमध्ये बसतो, त्याने हे पाच स्टार आपले समजू नयेत.

एका देशाचे स्टार दुसऱ्या देशात चालत नाहीत. नव्या स्विफ्टला २०२४ मध्ये युरोपात तीन स्टार मिळाले आणि ऑस्ट्रेलियात एक. तिथे गाडी स्वतःहून ब्रेक लावते का, पादचाऱ्याला किती इजा होते, हेही गुणांत धरतात. आजच्या भारत एनकॅपमध्ये आपोआप लागणाऱ्या ब्रेकला गुण नाहीत.

ताशी ६४ ची ती धडक म्हणजे साधारण तुमच्याच वजनाची गाडी समोरून आदळावी तशी. समोर ट्रक असेल तर हे गणित लागू नाही. आणि समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० ची परवानगी आहे. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. ६४ च्या तुलनेत १२० ला ती साडेतीन पट भरते. पाच स्टारची गाडी घेतली म्हणून कोणी पाय जास्त दाबत असेल तर त्याने हा आकडा डॅशबोर्डवर चिकटवावा.

चौथी गोष्ट पट्ट्याची. चाचणीतले पुतळे पट्टा बांधून बसलेले असतात. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, त्यात पट्टा न लावलेली १६,७१५ होती. जवळजवळ निम्मी ड्रायव्हर नव्हती, शेजारी आणि मागे बसलेली होती. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, तेही मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. गाडी तर मर्सिडीज होती.

हे झालं धडकेच्या दिवसाचं. ज्या दिवशी धडक होत नाही, अशा बाकीच्या सगळ्या दिवसांचं काय?

नवी गाडी घेतलेल्या दहा जणांशी बोला. पहिल्या पावसात पायाशी पाणी आलं. स्क्रीन गोठला आणि रिव्हर्स कॅमेरा काळा पडला. स्पीड ब्रेकरवर पुढून खडखड येते. ऑटोमॅटिक गिअर घाटात झटका देतो. स्टिअरिंग एका बाजूला ओढतं. सगळ्यांना सर्व्हिस सेंटरमधून मिळणारी उत्तरंही ठरलेली: 'या मॉडेलला असंच असतं.' 'ट्रायल घेतली, आवाज आला नाही.' 'सॉफ्टवेअर मारलंय, बघा चालवून.' माणूस घरी येतो. दुसऱ्या गावातल्या मालकाला हेच झालंय, हे त्याला माहीत नसतं. आपल्याच नशिबी खराब पीस आला असं समजून तो गप्प बसतो.

या तक्रारींपैकी काही नुसता त्रास आहेत आणि काही जीवघेण्या. कुठली कुठे मोडते, हे सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर कळत नाही. हे सगळ्यात भयानक रीतीने दिसलं ते अमेरिकेत, शेवरले कोबाल्टमध्ये.

कोबाल्ट ही जनरल मोटर्सची कॉम्पॅक्ट कार, २००५ च्या मॉडेलपासून विकली गेलेली. मालक सांगत होते की चालत्या गाडीत इंजिन मध्येच बंद पडतं. कारण क्षुल्लक होतं. इग्निशनचा स्विच सैल होता. चावीला जड जुडगा असेल, ड्रायव्हरचा गुडघा लागला, खड्ड्यात गाडी आदळली, की चावी 'रन'वरून मागे सरकायची. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद. आणि त्याबरोबर एअरबॅगही निकामी. गाडी रस्ता सोडून झाडावर जायची आणि नेमक्या त्या क्षणी एअरबॅग उघडायची नाही.

कंपनीतल्या इंजिनिअरांना स्विचचा हा दोष सुरुवातीपासून माहीत होता. पण कंपनीने ही बाब ग्राहकाच्या सोयीची ठरवली, सुरक्षेची नाही. २००६ मध्ये स्विचची रचना गुपचूप सुधारली, पण सुट्या भागाचा नंबर तोच ठेवला. त्यामुळे जुना स्विच कुठला आणि नवा कुठला, हे पुढे तपासणाऱ्याला कळेना. जॉर्जिया राज्यात एका तरुणीच्या मृत्यूच्या खटल्यात तिच्या घरच्यांच्या वकिलाने नेमलेल्या इंजिनिअरने दोन स्विच उघडून शेजारी ठेवले, तेव्हा हे उघड झालं. गाड्या परत बोलवायला सुरुवात झाली २०१४ मध्ये. एकूण सुमारे २६ लाख गाड्या निघाल्या. नुकसानभरपाईच्या निधीने १२४ मृत्यू या दोषाचे म्हणून मान्य केले.

तिथे सरकारच्या रस्ता सुरक्षा विभागाकडे येणारी मालकांची प्रत्येक तक्रार, नाव-गाव काढून, कोणालाही वाचता येते. कोबाल्टच्याही तक्रारी तिथे होत्या. विभागाने त्या वेळेत जोडल्या नाहीत, याबद्दल त्याच्यावर सडकून टीका झाली. पण तक्रारी जगापुढे होत्या म्हणून तरी तो जाब विचारता आला. 'सोयीचा प्रश्न' म्हणून बाजूला सारलेल्या तक्रारीत १२४ माणसं दबलेली असू शकतात, हे तिथे कागदोपत्री सिद्ध झालं.

एअरबॅग निकामी करणाऱ्या दोषाचं आपल्याकडेही एक उदाहरण घडून गेलं, सुदैवाने लवकर सापडलेलं. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने १७,३६२ गाड्या परत बोलावल्या. अल्टो के टेन, एस-प्रेसो, ईको, ब्रेझा, बलेनो, ग्रँड विटारा. एअरबॅगच्या कंट्रोलरमध्ये दोष असण्याची शक्यता होती आणि तसं असेल तर धडकेत एअरबॅग आणि पट्ट्याचा ताण दोन्ही काम करणार नव्हते. भाग बदलेपर्यंत गाडी चालवू नका, असं कंपनीने मालकांना सांगितलं. उघडपणे सांगितलं, हे योग्यच केलं. आता या गाड्यांच्या स्टारकडे बघा. चाचणीत उघडलेली एअरबॅग तुमच्या गाडीत उघडेलच, याची हमी स्टार देत नाही. ती हमी कारखान्यातला त्या आठवड्याचा माल देतो, आणि माल कसा आहे हे मालकांच्या तक्रारींतून कळतं. म्हणून रेटिंग आणि तक्रारी हे दोन वेगळे विषय नाहीत.

या तक्रारींसाठी आपल्याकडे कायदा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११० अ आलं. सदोष गाड्या परत बोलवण्याचा आदेश सरकार देऊ शकतं. १ एप्रिल २०२१ पासून नियमही लागू झाले: सात वर्षांच्या आतल्या गाडीबद्दल मालकाने 'वाहन' पोर्टलवर तक्रार करायची, तक्रारी ठरावीक संख्येच्या वर गेल्या की चौकशी, आणि कंपनीला दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड. जास्त खपाच्या गाडीसाठी ही संख्या हजाराच्या वर आहे. हजाराहून जास्त मालकांनी एकाच दोषाची तक्रार, एकाच ठिकाणी, रीतसर करायची! आपल्या ओळखीत कितीजणांना हे पोर्टल ठाऊक आहे? गाडीच्या कागदांबरोबर विम्याची जाहिरात देतात, मॅटचं बिल देतात. तक्रार कुठे करायची याची चिठ्ठी देत नाहीत. आणि वर्षाला लाखभर गाड्या विकणाऱ्या कंपनीला एक कोटी म्हणजे किती? दहा-पंधरा गाड्यांची किंमत. या दंडाला कोणी भीत नाही.

परिवहन मंत्रालयाकडे माझी मागणी आहे. या पोर्टलवरची प्रत्येक तक्रार मालकाचं नाव काढून मॉडेलवार सगळ्यांना दिसू द्या. स्टारच्या स्टिकरवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की गुणांच्या खालीच तक्रारींची यादी उघडली पाहिजे. कंपन्या म्हणतील, स्पर्धक खोट्या तक्रारी टाकतील. मग चासी नंबर आणि जॉब कार्डशिवाय तक्रार घेऊ नका. पण यादी झाकू नका. धडकेचा निकाल उघड केला तेव्हाही हीच कंपनीवाली मंडळी कुरकुरली होती, आणि आज तेच जाहिरातीत पाच स्टार मिरवताहेत.

मंत्रालय हे करील तेव्हा करील. ज्यांची गाडी येत्या महिन्यात येणार आहे त्यांनी थांबू नये. ताबा घेताना हार घालण्याआधी चावी फिरवा. एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही किंवा विझलाच नाही, तर गाडी तिथेच ठेवा. मागच्या सीटचे तिन्ही पट्टे ओढून, अडकवून बघा. पुढे काही बिघडलं तर तोंडी सांगू नका. तुमच्या शब्दांत जॉब कार्डवर लिहून घ्या, 'जनरल चेकअप' असं लिहू देऊ नका. दोष सापडला नाही असं म्हणाले तर तेही लिहून घ्या आणि प्रत मागा. मग पोर्टलवर तक्रार टाका, तक्रार बारीकशा आवाजाची असली तरी.