मांडीचं भाडं

एसटीत मी मार्च 2023 पासून अर्धी आहे. महिलांना निम्मं तिकीट झालं आणि कंडक्टर माझ्या तोंडाकडे न बघता अर्धं तिकीट हातात ठेवू लागला. माझा नातू तर तिथे पाच वर्षांचा होईस्तोवर शून्य. आगगाडीतही तेच. पाचाच्या आतलं मूल म्हणजे प्रवासी नव्हे, आईच्या अंगावरचा दागिना. आमच्या पिढीत टीसी डब्यात शिरला की सात वर्षांची मुलंसुद्धा आपोआप साडेचारची व्हायची आणि तो पुढच्या डब्यात गेला की परत दुसरीत जायची.

विमानात हिशेब निराळा. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला तिथे सीट नाही, त्याने आपल्या माणसाच्या मांडीवर बसायचं. मूल आपलं, मांडी आपली, भाडं मात्र कंपनीला. आम्ही मुलुंडहून नागपूरला, सुनेच्या माहेरी निघालो तेव्हा नातवाच्या नावाने भरलेल्या रकमेत एकेकाळी आमचं अख्खं कुटुंब विदर्भ एक्सप्रेसने जाऊन आलं असतं.

"हे पैसे कशाचे रे?" मी मुलाला विचारलं.

"इन्फंट फी, आई."

"त्यात त्याला मिळतं काय?"

"काही नाही. बसू देतात."

"कुठे?"

"हिच्या मांडीवर."

नातवाचं वजन बारा किलो. हातातल्या बॅगेला मर्यादा सात किलोची. बॅग सव्वासात भरली तर काउंटरवरची मुलगी भुवई उचलते. पण बारा किलोचं, लाथा झाडणारं, दर चार मिनिटांनी निसटणारं ओझं दीड तास मांडीवर धरायला कोणाचीच हरकत नाही. बॅग निदान सीटखाली सारता तरी येते.

जाण्याआधी आठवडाभर सोसायटीत वर्ग भरले. लहान मुलांना घेऊन विमानप्रवास सोपा कसा करावा, या विषयातले सतरा जाणकार आमच्या एका बिल्डिंगमध्ये निघाले. त्यांतल्या अकरा जणांना मुलं नाहीत. दर वीस मिनिटांनी नवं खेळणं काढा. खेळणं आवाज करणारं नको. खेळणं हरवेल असं नको. एकीने तर सुनेला कोरियातल्या आईची गोष्ट सांगितली. 2019 साली सोलहून सान फ्रान्सिस्कोला जाताना त्या बाईने विमानातल्या दोनशेवर प्रवाशांना पिशव्या वाटल्या. आत कानात घालायचे बोळे, गोळ्या-चॉकलेट आणि बाळ रडलं तर माफ करा अशी चिठ्ठी. सून बिचारी रात्री अकरा वाजता पिशव्यांचा भाव बघत बसली. मी म्हटलं, अगं, मुलुंड लोकलच्या बायकांच्या डब्यात मूल रडलं तर शेजारीण आधी तुला चार शब्द ऐकवते, मग पोराला स्वतःच्या मांडीवर घेते आणि वर त्याला पेपरमिंटची गोळी देते. घाटकोपर येईपर्यंत पोर पाच मांड्या फिरून आलेलं असतं. पिशवी कोण कोणाला देतंय!

विमानतळावर जायचं कसं, हा दुसरा परिसंवाद. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांचा मार्ग असा: मुलुंडहून स्लो लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो वनने मरोळ नाका, तिथे खाली उतरून भुयारी मेट्रो, आणि पुढचंच स्टेशन टर्मिनल दोन. माणशी शंभराच्या आत. हे अक्षरशः खरं आहे. त्यांनी फक्त बाबागाडी, दोन बॅगा, दुपट्यांची पिशवी, निळा कापडी हत्ती आणि माझे गुडघे धरले नव्हते. दुसऱ्यांचं म्हणणं, 2025 च्या नाताळात नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालंय, ऐरोलीचा पूल ओलांडा आणि उलव्याहून उडा. शेवटी टॅक्सी केली. पवईच्या तळ्याशी ती अशी उभी राहिली की नातवाला तळ्यातल्या मगरींची गोष्ट तीनदा सांगून झाली, चौथ्यांदा त्याने मला सांगितली. मुलुंड ते सहार दोन तास, सहार ते नागपूर दीड. लहान मुलांसाठी विमानप्रवास सोपा करायचा तर सुरुवात जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडपासून करावी, पण तो भाग कुठल्याच सल्ल्यात नसतो.

सुरक्षा तपासणीत माझी पिशवी अडली. द्रवाचं मी समजू शकते. 2006 साली लंडनमध्ये पेयाच्या बाटल्यांतून स्फोटकं नेण्याचा कट उघडकीला आला, तेव्हापासून हातातल्या सामानातल्या पातळ पदार्थांवर बंधनं आली. बाळाच्या खाण्याला मात्र सूट. त्यामुळे मऊभाताची पेज सुटली. अडलं ते बोंडलं. माझ्या सासूबाईंचं, चांदीचं, तळहातात मावणारं. यंत्राच्या पडद्यावर चोच असलेलं काळं काहीतरी दिसलं असणार. सून पुटपुटली, "तरी मी म्हणत होते आई, दोन वर्षांच्या घोड्याला बोंडलं कशाला!" गणवेशातल्या मुलीने ते उलटंसुलटं केलं, चोचीतून आरपार बघितलं आणि हसली. "आमच्या घरी पितळेचं होतं," म्हणाली आणि पदराला पुसावं तसं बाहीला पुसून परत दिलं.

आत बसलो. आम्ही तिघं एका ओळीत, मुलगा पलीकडे. एप्रिल 2024 मध्ये विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांना बजावलं की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला बरोबरच्या आई-बापांपैकी निदान एकाशेजारी तरी जागा द्या. आईने मुलाशेजारी बसावं यासाठी दिल्लीहून कागद निघावा लागतो, हे वाचून मला हसावं की रडावं कळेना. मुलाचं म्हणणं, जागा संगणक वाटतो. असेल. संगणकाला आई नसते.

मग गंमत झाली. आमच्या ओळीत कडेला एक गृहस्थ होते. मागे एक लेकुरवाळी तीन महिन्यांचं बाळ घेऊन नवऱ्यापासून लांब पडली होती. गृहस्थ माणुसकीने उठले, "इथे बसा ताई, तुमचे मिस्टर इथनं दिसतील." ती बसते न बसते तोच हवाई सुंदरी धावत आली. चालणार नाही. का? तर या विमानात तीन सीटच्या ओळीवर प्राणवायूचे मास्क चार. एका बाळापुरता एक जादा. दुसरं बाळ आलं की हिशेब चुकतो. नियम अगदी रास्त आहे, पण तो ऐकताच ओळीतल्या सगळ्यांनी एकदम वर छताकडे बघितलं आणि मनातल्या मनात माणसं मोजली. गृहस्थ आपली माणुसकी परत घेऊन खाली बसले.

पुढच्या ओळीतल्या एकाने नातवाकडे वळून पाहिलं आणि कानांवर मोठे डबे चढवले. त्याला दोष देत नाही. इंडिगोने 2016 सालीच विमानात ‘शांत विभाग’ काढले होते. त्या ओळींत बारा वर्षांखालच्यांना मज्जाव. जपान एअरलाइन्स त्याच्या पुढची. 2019 पासून तिथे सीट निवडताना नकाशावर बाळाचं चित्र दिसतं, म्हणजे कुठे तान्हं आहे ते बघून लांब बसता येतं. आपल्याकडच्या लग्नाच्या पंगतीत अशी सोय हवी होती, पण तिथे चित्र बाळाचं नको, विम्याच्या एजंटाचं हवं. रेल्वेने मात्र 2022 च्या मे महिन्यात लखनौ मेलमध्ये आईच्या बर्थला जोडून बाळाची चिमुकली फळी लावून पाहिली होती. मांडीला सुट्टी द्यावी, हे निदान कोणाला तरी सुचलं.

नागपूर जवळ आलं आणि नातवाने कान धरले. विमान कितीही उंच असो, आतली हवा साधारण अठराशे ते चोवीसशे मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते. कळसूबाई 1,646 मीटर. म्हणजे दीड तास आपण कळसूबाईच्या डोक्यावर बसलेलो असतो आणि उतरताना वीसेक मिनिटांत खाली येतो. मोठी माणसं आवंढा गिळतात, कान सुटतात. मुलाला आवंढा गीळ म्हणून सांगता येत नाही, काहीतरी पाजावं लागतं. बाटली त्याने फेकली, गोळी थुंकली, आईला ढकललं. मी बोंडलं काढलं. चांदीचं काय चकाकतंय म्हणून बघायला त्याने तोंड उघडलं आणि घोटभर पाणी आत गेलं. मग दुसरा घोट. कानांवर डबे चढवलेला वळून बघत होता. सुनेने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. मी काही बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती.

नागपूरला जाण्याचं कारण नातवाचा दुसरा वाढदिवस, आणि घोळ तिथेच. परतीचं तिकीट वाढदिवसानंतर दोन दिवसांचं. दोन वर्षं पूर्ण झाली की मूल मांडीवरून उठतं आणि त्याला स्वतःची सीट घ्यावी लागते, जवळपास मोठ्या माणसाच्या भाड्यात. मी कालनिर्णय काढलं. मधे अधिक मास पडलेला, त्यामुळे तिथीने त्याचा वाढदिवस आठवडाभर पुढे जात होता. तिथीने पोरगं अजून मांडीवरच होतं!

मदत क्रमांकावरच्या मुलाला मी हे नीट समजावलं. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "मॅडम, सिस्टीममध्ये फक्त डेट ऑफ बर्थ आहे."

"लग्नाचा मुहूर्त तारखेने काढतात का रे?"

"मॅडम, मी बॅचलर आहे."

पैसे भरले.

परत निघताना विहीणबाईंनी लेकीची ओटी भरली. तिच्यात खोबऱ्याची वाटी. मुलाला नियम पाठ. 2022 पासून सुकं खोबरं सामानात चालत नाही, तेलामुळे पेट घेऊ शकतं. ओटीतलं टाकायचं कसं? व्याह्यांनी विमानतळाच्या दारात, उभ्या उभ्या, सूट-बुटात ती वाटी चावून संपवली. पोरीसाठी माणूस काय काय करतो.

विमानात नातू स्वतःच्या सीटवर बसला, पट्टा बांधला, आणि नागपूरची धावपट्टी संपेपर्यंत रडला. पट्ट्याचा दिवा विझला तसा तो सरपटत सुनेच्या मांडीवर आला आणि दोन मिनिटांत घोरू लागला. मांडी तीच, बारा किलो तेच. जाताना याच बसण्याचे पैसे पडले होते, परतताना ते फुकट होतं. मधल्या सीटवर, पूर्ण भाड्याच्या, निळा हत्ती पट्टा बांधून बसला होता.

माझ्या मांडीवर संत्रा बर्फीची पिशवी होती. म्हटलं, सीट आपलीच आहे, ठेवू हत्तीशेजारी.

"मॅडम, बॅग सीटखाली," हवाई सुंदरी म्हणाली.

"आणि हा?"

तिने हत्तीकडे बघितलं. त्याचा पट्टा जरा घट्ट केला. "हा राहू दे."