मेडलकाका

नाशिकच्या सराफ बाजारात कुणी चांदी घ्यायला येतो, कुणी मोडायला. मेडलकाका दोन्हींत बसत नाहीत. ते मोड बघायला येतात. "शेठ, गोल काही आलं का?" शेठ न बोलता पाट्या पुढे सरकवतात. काका खिशातून भिंग काढतात आणि जोडवी, करंडे, फुटकी निरांजनं उपसत बसतात. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल अस्सल चांदीचं. किती शिपायांचं शौर्य मुशीत गेलं, या विचाराने त्यांना रात्री झोप लागत नाही.

काका स्वतः कधी सैन्यात नव्हते. नोकरी नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये झाली. देवळालीला तोफांचा सराव सुरू झाला की ते दचकतात. पण दुसऱ्याच्या सैन्याने आपल्या माणसाला काय दिलं, याचा हिशेब तोंडपाठ.

घरी गेलात तर चहाआधी ट्रे येतो. तुम्ही पदकाचा राजा बघायला लागलात की हात धरतात. "राजा राहू द्या. कड बघा, कड!" कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजाने स्वतःच्या टॉमीला पदकं कोरी धाडली, आपल्या शिपायाच्या पदकावर मात्र नाव ठोकलं, हे सांगताना काकांची छाती अशी फुगते की जणू ठोकणारे तेच होते. मग विजयपदक येतं. १९१९ साली दोस्त राष्ट्रांनी ठरवलं, पदक ज्याने त्याने आपलं पाडावं, रिबन मात्र सगळ्यांची एकच, इंद्रधनुष्यी. फ्रेंच, इटालियन, बेल्जियन काकांकडे आहेत. जपानी नाही. जपानीचा विषय काढू नका; जेवायची वेळ टळते.

खरा सल वेगळाच. १९४४ साली सोव्हिएत रशियाने 'रेड स्टार' दोन हिंदी सैनिकांना दिला. इराणमार्गे रशियाला रसद पोचवणाऱ्या सर्व्हिस कोअरमधले ते. एक हवालदार गजेंद्रसिंग चंद, दुसरे सुभेदार नारायणराव निक्कम.

"निकम! बागलाणात शोधलं तर घर सापडेल."

"काका, ते तमिळनाडूचे."

"मग तंजावरला राजांबरोबर गेलेले असणार."

काकूंचं युद्ध कापडी बिल्ल्यांशी. चौथ्या डिव्हिजनचा लाल गरुड काका नाकाला लावून अस्सल की नक्कल ते सांगत. काकूंनाही वास आला, म्हणून त्यांनी तो पावडरमध्ये भिजवला. काका दोन दिवस जेवले, पण बोलले नाहीत.

मात्र त्यांना खरी धडक बसली ती सिन्नरकडच्या एका खेड्यात. आजींच्या देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकांच्या रांगेत एक जाड, गोल टाक. घोड्यावर उघडा वीर, खाली कवटी. काकांनी ओळखलं, वॉर मेडलची मागची बाजू! घोड्याखालची ढाल जर्मनांची, त्यावर गरुड. आजींच्या हिशेबी ते मणिमल्ल. बाकी घोडा, वीर आणि चांदी, यांत फरक काढणार कोण? दर्शनाच्या निमित्ताने काकांनी टाक उचलला, अंगठ्याने कडेची हळद खरवडली. नंबर. नाव. मराठा पलटण.

"आजी, हे तुमचे कोण?"

"आमचा देव."

"नाही, कडेवर नाव आहे ते."

"ते सासऱ्यांचे वडील. मेसपोटला गेलेले. परत आले ते हा देव घेऊन."

काकांनी पाच हजार म्हटलं, मग दहा. आजी म्हणाल्या, देव विकायचे असतात का, तुम्ही नाशिकची माणसं काहीही बोलता. आणि हातावर भंडारा ठेवला.

तेव्हापासून काका दर चंपाषष्ठीला तिथे तळी उचलायला जातात. वांग्याचं भरीत आणि रोडगा दोनदा वाढून घेतात. आजींना वाटतं, हा माणूस मोठा भाविक. घरच्या सुनेला मात्र संशय आहे, कारण येळकोट म्हणताना सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात, आणि यांच्या एका डोळ्याला भिंग असतं.