ऐंशी-वीस

पाहुणा आपल्या बँकेचं पासबुक बघायला मागत नाही, कपाटंही उघडत नाही. पण इंग्लंडातल्या घरात बाथरूम वरच्या मजल्यावर असल्यामुळे जिना मात्र चढतोच. त्यामुळे जिन्यावरचं कार्पेट हा खर्च नसून जाहिरात आहे, असं माझं मत. आमच्या रेडिंगच्या घरात तर दार उघडलं की आधी जिना दिसतो, मग यजमान. जुनं कार्पेट पायऱ्यांच्या कडांवर इतकं झिजलं होतं की खालची सुतळी दिसत होती. ते बदलायचं ठरलं तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "टिकणारं बघ, आणि हळद दिसणार नाही असं बघ." एका वाक्यात तिने विषय संपवला, हेच मला रुचलं नाही. मग मी अभ्यास कशाचा करायचा?

तरी केलाच. जिन्यावर कार्पेट मरतं ते पायरीच्या कडेला. उतरताना पाऊल कडेवर घसटतं, वळतं, आणि तेही रोज त्याच जागी. म्हणून लव किती उंच यापेक्षा किती दाट, हे महत्त्वाचं. नमुन्याचा तुकडा मागे दुमडायचा. लवेच्या ओळींमधून पाठीचं कापड दिसलं, तर ते उद्या पायरीवरही दिसणार. ही युक्ती कळल्यापासून मी दुकानात जाऊन, सोनाराने कसोटीवर सोनं घासावं अशा थाटात, दिसेल तो तुकडा दुमडू लागलो आणि दुमडल्यावर "हं" म्हणू लागलो. त्या "हं"ला काही अर्थ नव्हता, पण विक्रेते वचकायचे.

पॉलिप्रॉपिलीन स्वस्त, आणि ते रंग शोषत नाही. हळद सांडली तर पातळ ब्लीचनेही पुसता येते. पण वर्दळीखाली एकदा चेपलं की उठायचं नाव घेत नाही, आणि तेलकट मळ धरून ठेवतं. नायलॉन 1935 साली ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांनी तयार केलं. त्याचे मोजे झाले, पॅराशूट झाली, आणि घासलं जाण्याला ते अजून दाद देत नाही. लोकरीचा धागा मुळातच नागमोडी, म्हणून दबला तरी पुन्हा उभा राहतो, आणि मळ चटकन दाखवत नाही. दोष एवढाच की हळद तिला फार प्रिय. पूर्वी लोकर हळदीने मुद्दाम रंगवत. या सगळ्यातून निघालेली तडजोड म्हणजे ऐंशी टक्के लोकर, वीस टक्के नायलॉन. इथला कुठलाही कार्पेटवाला झोपेतून उठवला तरी "एटी-ट्वेंटी" म्हणतो. मला मात्र झोपेत देता येईल असं उत्तर नको होतं.

कार्पेटचा विषय निघाला की मी विंडसरला जातो. बोलता बोलता जातो, आणि भारतातून पाहुणे आले असतील तर त्यांना गाडीत घालून नेतो. तिथल्या किल्ल्यात वॉटर्लू चेंबर नावाचं भव्य दालन आहे. त्यातला अवाढव्य गालिचा आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी व्हिक्टोरिया राणीसाठी विणलेला, 1894 सालचा. वजन सुमारे दोन टन, आणि सगळा अखंड, कुठे जोड नाही. 1992 मध्ये किल्ल्याला आग लागली तेव्हा तो गुंडाळायला सैनिक लावावे लागले. एवढं सांगून थांबावं, पण मी मूळचा पुणेकर. यरवड्याच्या तुरुंगातही त्या काळी नामांकित गालिचे विणत; जुन्या गालिच्यांच्या बाजारात अजूनही त्यांचं नाव निघतं. मग हे काम आग्र्याला का? आमचे कैदी काय कमी होते? "आमचे कैदी" म्हणताना माझा ऊर भरून येतो आणि पाहुणे कॉफी कुठे मिळेल ते शोधू लागतात. पार्किंगपर्यंत मी यरवड्यावर झालेल्या अन्यायावर बोलतो. एकदा मेहुण्याने विचारलं, "पण त्या कैद्यांना मिळालं काय?" तेव्हापासून त्याला नेत नाही.

तर, मी हेरून ठेवलं होतं ते लोकरीचंच, पण आखूड फासांच्या विणीचं आणि सायीच्या रंगाचं. मोठा नमुना मागवून खालच्या पायरीवर पसरला. सांगलीहून आलेली आई त्यावर चढली आणि थबकली. "अरे, पाय अडकला बघ." टाचेच्या भेगेत एक फास गेला होता. मी खाली बसून तो सोडवला. भेगा खोल, कडा टणक, आत खोबरेल तेलाने काळपट झालेली रेघ. जन्मभर शहाबादी फरशीवर अनवाणी उभे राहिलेले पाय. ती फरशी निवडताना तिला कोणी विचारलं नव्हतं. आमच्याकडे तशी पद्धतच नव्हती. बाबांनी गवंड्याला सांगितलं, गवंड्याने बसवली. आणि इथे या विणीच्या कार्पेटबद्दल सगळे बजावतात की घरात मांजर असेल तर घेऊ नका, नखं अडकतात. मांजराच्या नखांची काळजी सगळ्या दुकानांना आहे. आईच्या टाचेची एकालाही नाही.

मी सगळे तुकडे ओळीने मांडले. "आई, तू सांग."

"मला काय विचारतोस? मी मेमध्ये जाणार."

"तरी सांग."

ती एकेकावर उभी राहिली, वळली, टाच घासून पाहिली. पॉलिप्रॉपिलीनवर म्हणाली, "हे गुळगुळीत लागतंय." सिसलवर, "हे दाराबाहेर घाला, पाय पुसायला." पीळ दिलेल्या, कापलेल्या लवेच्या एका मातकट तुकड्यावर मात्र बराच वेळ उभी राहिली. "हे पायाला धरतं." मी मागचं लेबल वाचलं: ऐंशी टक्के लोकर, वीस टक्के नायलॉन. दुमडून पाहिलं. "हं" म्हणालो. बायको काही बोलली नाही, आणि तिचं ते न बोलणं वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं.

कार्पेट बसलं. खाली पातळ पण घट्ट अंडरले, लवेचा कल उताराकडे, प्रत्येक कडेला ताणून पक्कं केलेलं. पूर्वी आई जिना चढायची ती दोन्ही हातांनी कठडा धरून. आता एका हातात पाण्याचा तांब्या असतो. हळद सांडून झाली आहे. कुठे, ते शोधावं लागतं.

परवा मंडळातले एक गृहस्थ आले. वर गेले, सावकाश खाली आले. मी पायथ्याशी उभा.

"एक सांगू का?" ते म्हणाले. "लोक घर घेतलं की उगीच नवं कार्पेट घालत सुटतात. तुम्ही जुनंच ठेवलंत, हे फार आवडलं."

मी त्यांच्या हातात चहा दिला आणि विचारलं, "तुम्ही विंडसर पाहिलंय का हो?"